जर्मन खरेदीदाराची प्रश्नावली आणि कुडाळचं रान

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भोसरी एमआयडीसीत तुमचा रबर पार्ट्सचा कारखाना आहे. तुम्ही बुश, गॅस्केट, माउंटिंग बनवता. जर्मनीतल्या खरेदीदाराने बारा पानी प्रश्नावली पाठवलीय. तिच्यात ऑपरेटर, प्लॉट, जिओलोकेशन, कट-ऑफ तारीख, नगण्य जोखीम असे शब्द आहेत. शेवटच्या पानावर सही-शिक्का मागितलाय आणि 'ईयूडीआर सर्टिफिकेट' जोडायला सांगितलंय. या शब्दांचा अर्थ काय, आणि सही करावी का?

सर्टिफिकेटचं आधी निकालात काढतो. असं सर्टिफिकेट ईयूडीआरमध्ये, म्हणजे युरोपियन युनियनच्या जंगलतोडविरोधी कायद्यात, नाहीच. चाकणच्या एका ऑफिसात मी ते फ्रेम करून, गणपतीच्या फोटोशेजारी लावलेलं पाहिलंय. ते कुणा सल्लागाराने छापून विकलं होतं. कायद्यात आहे ते ड्यू डिलिजन्स स्टेटमेंट, म्हणजे मालाच्या उगमाची छाननी केल्याचं निवेदन. युरोपात माल आणणारा ते युरोपियन युनियनच्या ऑनलाइन यंत्रणेत स्वतः भरतो, आणि त्याला एक संदर्भ क्रमांक मिळतो. तुम्ही त्याला लागणारी माहिती पुरवायची. एफएससीसारखी (जंगलांची जबाबदार निगा तपासणारी) खासगी प्रमाणपत्रं असली तर छाननीला मदत होते, पण ती दाखवली म्हणून छाननी माफ होत नाही.

आता कायदा. ईयूडीआर म्हणजे युरोपियन युनियनचा नियम २०२३/१११५. तो जून २०२३ मध्ये अस्तित्वात आला, कंपन्यांना प्रत्यक्ष लागू होण्याच्या तारखा पुढे येतील. त्यात सात जिनसा आहेत: गुरं, कोको, कॉफी, पामतेल, रबर, सोयाबीन आणि लाकूड. या जिनसांपासून बनलेला कोणता माल कायद्याखाली येतो, ते जोडपत्रातल्या एचएस कोडवरून, म्हणजे कस्टमच्या माल-वर्गीकरणाच्या क्रमांकावरून, ठरतं. मालाला तीन अटी: तो जंगलतोडमुक्त हवा, ज्या देशात जिन्नस पिकली तिथल्या कायद्यांनुसार पिकलेली हवी, आणि त्यावर ड्यू डिलिजन्स स्टेटमेंट हवं. तिन्ही एकत्र. प्रश्नावलीतले जवळपास सगळे शब्द या तीन अटींतून निघालेत, आणि तिन्ही अटी शेवटी एका जमिनीच्या तुकड्यापाशी येऊन थांबतात. तुमची फॅक्टरी किती स्वच्छ, तुमच्याकडे किती आयएसओ, याच्याशी कायद्याला देणंघेणं नाही. म्हणून प्रश्नावलीतला प्रत्येक शब्द वाचताना 'हे कुठल्या जमिनीबद्दल चाललंय?' असं स्वतःला विचारा, निम्मा गोंधळ तिथेच मिटेल.

सगळ्यात फसवा शब्द 'जंगल'. आपल्याकडे रान, राई, देवराई, वन, जंगल असे पाच शब्द आहेत आणि त्यांतला एकही कायद्याच्या व्याख्येशी जुळत नाही. व्याख्या अशी: अर्ध्या हेक्टरपेक्षा मोठी जमीन, म्हणजे सव्वा एकराच्या वर, झाडं पाच मीटरपेक्षा उंच, आणि झाडांच्या माथ्यांनी झाकलेला भाग दहा टक्क्यांहून अधिक. झाडं आज लहान असली, पण त्याच जागी तेवढी वाढू शकणारी असली, तरी ते जंगल. दहा टक्के म्हणजे किती कमी, ते एकदा भूगावच्या पुढे मुळशीच्या रस्त्याला जाऊन पाहा. आपण ज्याला 'उघडा माळ, चार झाडं' म्हणतो, त्यातलं बरंचसं या मापात बसेल. मात्र एक मोठा अपवाद आहे: जी जमीन मुख्यतः शेतीच्या किंवा नागरी वापरात आहे, ती जंगल नाही. फळबागा, पामच्या बागा, झाडांच्या सावलीतली पिकं, सगळं शेती. रबराची बागही शेतीच.

इथे आपल्या सरकारी आकड्यांशी गल्लत होते. भारतीय वन सर्वेक्षण संस्था एक हेक्टरवर दहा टक्के झाडोरा दिसला की त्याला वनाच्छादन म्हणते, मालकी कुणाची आणि वापर काय हे न बघता. त्यात आंब्याची बाग येते, नारळ येतो, रबरही येतं. त्यामुळे भारताच्या वनाच्छादनाच्या नकाशावर हिरवी दिसणारी रबरबाग ईयूडीआरच्या दृष्टीने जंगल नसते. उलटही होतं. रबराचं झाड साधारण सातव्या वर्षी चीक द्यायला लागतं, पंचवीस-तीस वर्षांनी थकतं, मग बागायतदार सगळी बाग तोडून नवी लावतो. उपग्रहाच्या चित्रात तो तुकडा एका वर्षात हिरव्याचा तपकिरी होतो आणि खरेदीदाराचं सॉफ्टवेअर लाल झेंडा दाखवतं. गेल्या वर्षी कोट्टयमच्या एका पुरवठादाराच्या यादीत मी असे अकरा लाल झेंडे पाहिले. नऊ ठिकाणी जुनी बाग काढून नवी लावली होती. जुनी बाग शेती, नवी बागही शेती. जंगलतोड कुठे झाली? तरी हे सिद्ध करायला २०२० च्या आधीची चित्रं, लागवडीची नोंद, जुनी बिलं दाखवावी लागली. सॉफ्टवेअरचा निकाल हा कायद्याचा निकाल नव्हे, हे खरेदीदाराच्या माणसालाही बऱ्याचदा सांगावं लागतं.

कट-ऑफ तारीख ३१ डिसेंबर २०२०. त्यानंतर जंगल तोडून तिथे शेती केली असेल, तर तिथला माल कायमचा बाहेर. कायदा लागू होण्याची तारीख दोनदा पुढे गेली, ही मात्र जागची हललेली नाही, आणि लोक या दोन तारखांची सरमिसळ करतात. रबराच्या बाबतीत यात एक गंमत आहे, ती प्रश्नावलीत सापडणार नाही. आज तुमच्या मिक्सिंग मिलवर येणारं रबर किमान सहा-सात वर्षांपूर्वी लावलेल्या झाडांचं आहे. २०२१ नंतर जंगल तोडून लावलेलं रबर चीक द्यायला लागेल ते २०२८ च्या सुमारास. म्हणजे खरी परीक्षा पुढे आहे. आज सगळं सहज पार पडलं म्हणून पुरवठादाराची यादी एकदाच मागवून कपाटात टाकणाऱ्याला दोन-तीन वर्षांनी फटका बसेल.

आता 'कायदेशीर' आणि 'जंगलतोडमुक्त'. तुमच्या प्रश्नात एक वाक्य होतं: 'आमचा पुरवठादार म्हणतो की सगळी झाडं परवानगी घेऊनच तोडली आहेत, मग अडचण काय?' अडचण नेमकी तीच. समजा कुडाळजवळ कुणाच्या मालकीचं रान आहे: ऐन, किंजळ, जांभूळ, दोन एकरांचं. त्याने २०२२ मध्ये १९६४ च्या महाराष्ट्र झाडे तोडणे अधिनियमाखाली रीतसर परवानगी काढली, झाडं तोडली, रबर लावलं. आपल्या कायद्याने तो निर्दोष. ईयूडीआरच्या व्याख्येत ते रान जंगल होतं, ते शेतीत बदललं, तारीख कट-ऑफनंतरची. त्याचं रबर युरोपला चालणार नाही. परवानगीचा कागद दुसऱ्या अटीचं उत्तर आहे, पहिलीचं नाही.

दोडामार्गला गोष्ट आणखी अवघड आहे. केरळहून आलेल्या बागायतदारांनी तिथे जमिनी घेऊन रबर लावलं, रानं मोडली, आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात वृक्षतोडीला बंदी घातली. तिथलं रबर कुणी स्वस्तात देऊ केलं, तर बाग कधीची, हे आधी विचारा. जुनी बाग असेल तर पहिली अट पाळलेली असू शकते, दुसरीचे कागद मात्र वेगळे तपासावे लागतील. 'कायदेशीर' या शब्दात वनकायद्याखेरीज जमिनीचा हक्क, मजुरांचे हक्क, कर, लाचलुचपत, स्थानिकांची संमती असं बरंच काही येतं.

जंगलाचा ऱ्हास असा आणखी एक शब्द प्रश्नावलीत असेल. तो लाकडापुरता आहे. रबरवाल्यांनी तिथे 'लागू नाही' लिहून पुढे जावं.

'प्लॉट' या शब्दावर मात्र थांबा. बाणेरच्या एनए प्लॉटशी त्याचा संबंध नाही. त्या त्या देशाचा कायदा जिला एक मालमत्ता म्हणतो, तिच्या आतला, सारख्या परिस्थितीचा जमिनीचा तुकडा, म्हणजे प्लॉट. आपल्या भाषेत एका गटातला, एका सातबाऱ्यावरचा तुकडा. म्हणजे एका गटात दोन प्लॉट असू शकतात, पण एक प्लॉट दोन गटांत पसरू शकत नाही. हे का महत्त्वाचं? प्लॉटमध्ये कुठेही कट-ऑफनंतर जंगलतोड झाली असेल, तर त्या प्लॉटचा सगळा माल बाद होतो. कडेला बांधालगतचं थोडं रान मोडून बाग वाढवली की आतल्या वीस वर्षं जुन्या झाडांचा चीकही गेला. मग काही हुशार लोक सुचवतात, 'तेवढा कोपरा वेगळा प्लॉट दाखवू'. जमीन आधीपासून तशी वेगळी वापरात असेल तर दाखवा. झेंडा लाल झाल्यावर रेघ ओढली तर ती रेघ कधी ओढली हेही फाइलमध्ये दिसतं.

सातबाऱ्याने आणखी एक त्रास होतो. त्यावर पाच सहहिस्सेदार असतात, वाटणी तोंडी झालेली असते, फेरफार झालेला नसतो, कसणारा तिसराच. कायद्याला मालकाचं नाव पाहिजे असं नाही, उत्पादन कुठे झालं ते पाहिजे. पण जमीन वापरायचा हक्क आहे का, हे दुसऱ्या अटीत येतं. म्हणून मी पुरवठादाराकडून दोन गोष्टी वेगवेगळ्या मागतो: हद्दीचा नकाशा आणि वापराच्या हक्काचा कागद. एकात दुसरा आला असं गृहीत धरत नाही.

जिओलोकेशन म्हणजे त्या प्लॉटचे अक्षांश-रेखांश, दशांश चिन्हानंतर किमान सहा अंकांपर्यंत. प्लॉट चार हेक्टरपेक्षा मोठा असेल, म्हणजे साधारण दहा एकरांच्या वर, तर एक बिंदू पुरत नाही, हद्दीचा पॉलिगॉन द्यावा लागतो. केरळातल्या बहुतेक बागा याहून खूप लहान, तेव्हा बिंदू चालतो. सहावा अंक जमिनीवर सुमारे अकरा सेंटीमीटरचा असतो, आणि मोबाइलचा जीपीएस झाडाखाली पाच-दहा मीटर सहज चुकतो. तेव्हा सहा अंक ही लिहिण्याची पद्धत झाली, अचूकतेची हमी नाही. एक्सेलमध्ये शेवटचे अंक सगळीकडे शून्य दिसले, तर समजावं की कुणीतरी चार अंकी आकड्याला शेपूट लावलंय. आणि शंभर शेतकऱ्यांचा एकच बिंदू दिसला तर तो गोदामाचा आहे. मी पाहिलेल्या एका यादीत तो बिंदू चक्क पेट्रोल पंपाचा निघाला.

एक चूक मी स्वतः केलीय, तीही सांगतो. जिओजेसन या नकाशाच्या फाइलमध्ये आधी रेखांश आणि मग अक्षांश लिहितात. बोलताना आपण उलटं बोलतो. मी एकदा उलटी भरलेली फाइल न पाहता पुढे पाठवली. कोट्टयमच्या बागा त्या रात्री स्वालबार्डजवळच्या बर्फाळ समुद्रात जाऊन पडल्या. समोरच्या बाईंनी फक्त एवढंच लिहिलं: 'इथे रबर येतं का?' तेव्हापासून कुठलीही फाइल पाठवण्याआधी मी ती नकाशावर उघडून डोळ्यांनी बघतो. तुम्हीही तेच करा, त्याला सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागत नाही.

ऑपरेटर कोण? जो माल पहिल्यांदा युरोपच्या बाजारात ठेवतो तो. तुमचा जर्मन खरेदीदार आयातदार असेल, तर ऑपरेटर तो. तुम्ही कायद्याच्या भाषेत ना ऑपरेटर ना ट्रेडर (युरोपात तो माल पुढे विकणारा). डीडीपी अटीवर, म्हणजे युरोपातली कस्टम तुमच्या नावाने भरून, माल देत असाल तर चित्र बदलतं, तेव्हा ते एकदा वकिलाला दाखवा. डिसेंबर २०२५ च्या दुरुस्तीनंतर स्टेटमेंट भरण्याचं ओझं साखळीतल्या पहिल्या ऑपरेटरवरच आलंय, पुढच्यांवरचं कमी झालंय. त्यामुळे तुमचा खरेदीदार तुमच्यामागे जास्त लागणार, कारण त्याला आता पुढे ढकलायला कुणी नाही. त्याच दुरुस्तीने तारखाही बदलल्या: मोठ्या आणि मध्यम कंपन्यांना ३० डिसेंबर २०२६, सूक्ष्म आणि लघु कंपन्यांना ३० जून २०२७. इथे 'लघु' म्हणजे युरोपातला ऑपरेटर लघु. तुमची उद्यम नोंदणी सूक्ष्म गटातली असली तरी तुम्हाला जादा सहा महिने मिळत नाहीत. हा गैरसमज मी पिंपरी-चिंचवडमध्ये इतक्यांदा ऐकलाय की आता मीटिंगच्या सुरुवातीलाच सांगून टाकतो.

उत्पादनाचा देश, हा तुमच्या प्रश्नावलीतला सगळ्यात महत्त्वाचा रकाना, आणि तुम्ही तिथे 'भारत' लिहून मोकळे झालाय. पार्ट भोसरीत बनला म्हणून चेंबरकडून सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन भारताचं मिळतं, ते कस्टमसाठी. ईयूडीआर विचारतं, चीक कुठल्या झाडाचा? भारतात पिकतं त्यापेक्षा जास्त रबर आपल्याला लागतं, आणि कंपाउंडवाला, म्हणजे तुम्हाला रबराचं तयार मिश्रण पुरवणारा, इंडोनेशिया, थायलंड, व्हिएतनाम, आयव्हरी कोस्ट कुठूनही ब्लॉक रबर आणतो. युरोपियन आयोगाने मे २०२५ मध्ये देशांची वर्गवारी केली. भारत, थायलंड, व्हिएतनाम कमी जोखमीत आले. इंडोनेशिया, मलेशिया, आयव्हरी कोस्ट मधल्या गटात. जास्त जोखमीत फक्त चार देश: रशिया, बेलारूस, उत्तर कोरिया आणि म्यानमार. तुमच्या कंपाउंडमध्ये तीस टक्के इंडोनेशियाचं रबर असेल तर 'भारत, कमी जोखीम' हे उत्तर चुकीचं आहे, आणि त्यावर तुमची सही आहे. आज फोन करायचाच असेल तर कंपाउंडवाल्याला करा.

ड्यू डिलिजन्स म्हणजे तीन पायऱ्या: माहिती गोळा करणं, जोखीम तोलणं, आणि जोखीम उरली तर ती कमी करणं. तिसरी पायरी संपल्यावर जोखीम 'नगण्य' राहिली पाहिजे. नगण्य म्हणजे शून्य नव्हे. सगळी माहिती पाहून चिंतेचं कारण दिसत नाही, अशी ती स्थिती. देश कमी जोखमीचा असेल तर दुसरी-तिसरी पायरी माफ होते, पण माहिती, अगदी जिओलोकेशनसकट, गोळा करावीच लागते. आणि ही सवलत घेण्याआधी, दुसऱ्या देशाचा माल मिसळला जाण्याचा धोका नगण्य आहे हे दाखवावं लागतं. 'भारत लो रिस्क आहे, आपल्याला काही लागत नाही' असं म्हणणाऱ्यांनी तो भाग वाचलेला नसतो. रबर बोर्डाने बागांचं जिओ-मॅपिंग आणि आयएसएनआर (भारतीय शाश्वत नैसर्गिक रबर) ही व्यवस्था सुरू केलीय. केरळचा प्रोसेसर त्यात असेल तर तुमचं काम बरंच हलकं होतं.

मिसळण्यावरून मास बॅलन्स आठवलं. साखरेत किंवा प्लॅस्टिकमध्ये चालतं तसं, शंभर टन चांगलं आणि शंभर टन अज्ञात एकत्र करून शंभर टन 'चांगलं' म्हणून विकायचं, हे इथे चालत नाही. मिसळायला बंदी नाही, पण मिसळलेल्या प्रत्येक कणाचा प्लॉट माहीत हवा. पोत्यात नेमकं कुणाचं रबर आहे ते सांगता येत नसेल, तर ज्यांचं असू शकतं त्या सगळ्यांचे प्लॉट जाहीर करायची मुभा आहे. मोल त्याचं असं की त्यातला एक प्लॉट बाद झाला तर सगळा लॉट अडतो. तुमच्या पातळीवर याचा अर्थ एवढाच: नीडरवर, म्हणजे रबर मळायच्या मशीनवर, दोन लॉट एका बॅचमध्ये गेले, तर बॅच कार्डवर दोन्ही लॉट क्रमांक लिहा. हे काम ऑडिटच्या आदल्या रात्री होत नाही.

बाकीचं भराभर. नायट्राइल, ईपीडीएम वगैरे कृत्रिम रबर कायद्याबाहेर. नैसर्गिक आणि कृत्रिम मिसळलं असेल तर नैसर्गिकापुरतं उत्तर द्या, मात्र 'इतक्या टक्क्यांखाली माफ' असं काही नाही. पूर्णपणे जुन्या टायरच्या रिक्लेमपासून बनलेला माल सुटतो. त्यात नवं नैसर्गिक रबर घातलं तर त्या भागाचा हिशोब द्यावा लागतो. तुमची गॅस्केट ४०१६ खाली, म्हणजे कायद्यात. रबरी होज ४००९ खाली, तो कोड जोडपत्रात नाही. धातूला चिकटवलेली माउंटिंग बरेच जण ८७०८ खाली, गाडीचे भाग म्हणून पाठवतात, तोही कोड यादीत नाही. तुमचं वर्गीकरण खरोखर तसं असेल तर ठीक. ईयूडीआर चुकवायला कोड बदललात, तर जर्मन कस्टमशी वेगळं भांडण ओढवून घ्याल. आणि ज्या लाकडी पॅलेटवर माल जातो त्याची काळजी सोडा: दुसऱ्या मालाला आधार म्हणून वापरलेलं पॅकिंग कायद्यातून वगळलंय. पॅलेट विकत असाल तरच ते तुमच्या मानगुटीवर बसेल.

आता सही. प्रश्नावलीच्या अकराव्या पानावर, तुम्ही पाठवलेल्या फोटोत, 'पुरवठादार हमी देतो की माल नियमाचं पूर्ण पालन करतो, आणि दंड झाल्यास भरपाई देईल' असं वाक्य आहे. युरोपात दंडाची कमाल मर्यादा ऑपरेटरच्या युनियनभरातल्या वार्षिक उलाढालीच्या किमान चार टक्के ठेवायची आहे, त्यामुळे हे वाक्य तुमच्या फॅक्टरीपेक्षा मोठं आहे. ते खोडा. त्याऐवजी असं सुचवा: 'जोडलेल्या तक्त्यातील लॉटसाठी, आमच्या पुरवठादारांकडून मिळालेली आणि आम्ही तपासलेली माहिती आमच्या माहितीप्रमाणे खरी आहे.' तक्त्यात कंपाउंडचा लॉट, त्यातल्या नैसर्गिक रबराचं वजन, उत्पादनाचा देश, चीक काढल्याचा कालावधी आणि प्लॉटच्या फाइलचं नाव एवढे रकाने ठेवा. ज्या लॉटची फाइल अजून आलेली नाही तिथे रकाना रिकामा सोडा आणि शेजारी 'प्रतीक्षेत' लिहा. खरेदीदार कुरकुरेल, पण त्याला स्वतःच्या नावाने स्टेटमेंट भरायचं आहे, त्यामुळे रिकामा रकाना त्याला खोट्या रकान्यापेक्षा परवडतो. कंपाउंडवाल्याचं उत्तर आलं की तो तक्ता मला पाठवा, इंडोनेशियाचा भाग किती निघतो ते पाहून पुढचं बोलू.